चढावरचा हिशेब

रत्नागिरीत सपाट अशा जागा दोनच. एक समुद्र आणि दुसरी आमच्या बँकेचं काउंटर. बाकी सगळं गाव म्हणजे एकतर चढ नाहीतर उतार, आणि व्यवस्था अशी की तुम्हाला घाई असते तेव्हा नेमका चढच वाट्याला येतो. सकाळी मारुती मंदिराकडून जयस्तंभाकडे निघालेला माणूस पाहावा, कसा वाऱ्यावर तरंगत प्रसन्न चेहऱ्याने येत असतो! तोच माणूस संध्याकाळी राम आळीतून भाजीची पिशवी घेऊन वर परतताना पाहू नये. इंग्रजांनी १८८५ साली ब्रह्मदेशच्या थिबा राजाला गादीवरून काढला आणि पुढे आणून ठेवला तो नेमका रत्नागिरीत. यामागे मोठं राजकारण असेल. मला मात्र वाटतं, एवढ्या चढउतारांच्या गावातून माणूस पळून पळून किती पळणार, असा साधा विचार कोणा साहेबाने केला असावा. राजा बिचारा १९१६ साली इथेच वारला.

अशा गावात मी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली.

जुनी पेट्रोलची स्कूटर पंधरा वर्षं सेवा करून थकली होती आणि पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली होती. दुकानदाराने मला एक गोंडस गाडी दाखवली. म्हणाला, “साहेब, हिला लायसन्स नको, नंबर नको, पेट्रोल नको, आवाज नको.” काही नको असलेली वस्तू मध्यमवर्गीय माणसाला ताबडतोब हवीशी वाटते. शिवाय हे सगळं खरंही होतं. मोटरची ताकद २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला, तर सरकारच्या लेखी ती मोटारगाडीच नव्हे. तिला कोणी विचारत नाही, ती कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. मला या गाडीविषयी फार जवळीक वाटली. बँकेत माझंही साधारण असंच आहे.

एक महिना मजेत गेला. मग आम्ही गोळपला निघालो.

गोळप हे पावसच्या वाटेवरचं गाव आणि माझी सासुरवाडी. सासरे गेल्यापासून सासूबाई तिथे एकट्याच असतात. “माझी माडं-पोफळी सोडून मी तुमच्या ब्लॉकात येऊन काय करू?” या त्यांच्या प्रश्नाला माझ्याजवळ आजतागायत उत्तर नाही. तेव्हा दर रविवारी आमची सौभाग्यवती औषधं आणि डबा घेऊन आईकडे जाते, आणि तिला नेण्याचं काम माझं. वाट सुरेख आहे. भाट्याचा पूल ओलांडला की उजव्या हाताला समुद्र, सुरूचं बन, मग झरी विनायकाचं देऊळ. आणि देवळानंतर चढ. गणपती चढाच्या पायथ्याशी का बसला आहे, हे मला गाडी घेतल्यावर कळलं.

पहिल्या रविवारी मूठ पूर्ण पिळली. गाडीने सुरुवातीला ‘हूं’ म्हटलं, मग ‘उंऽऽ’ म्हटलं, आणि अर्ध्या चढावर तिचा वेग इतका मंदावला की मागून टोपली घेऊन चालत येणारी एक कोळीणमावशी आम्हाला गाठून बरोबरीने चालू लागली. थोडा वेळ आम्ही तिघं एका रांगेत होतो. मग ती पुढे गेली. जाता जाता मागे वळून म्हणाली, “साहेब, गाडीला चा पाजा जरा!”

मी काही बोलायच्या आत सौभाग्यवती खाली उतरली. “तुम्ही व्हा पुढे, मी येते चालत,” एवढंच म्हणाली आणि डब्याची पिशवीही माझ्याकडे न देता पदर खोचून चालू लागली. मी वर जाऊन थांबलो. दहा मिनिटांनी ती आली. घामाने डबडबलेली, डावा गुडघा हाताने दाबत. तो गुडघा तिला दोन वर्षं त्रास देतो आहे. तरी तक्रार नाही. तिने तक्रार केली असती तर मी भांडलो असतो आणि विषय मिटला असता. ती पुढच्या रविवारी पुन्हा उतरली आणि त्याच्या पुढच्याही. ते तीन रविवार माझ्या नावावर कर्जासारखे चढत होते.

माणूस कॉमर्सचा असला तरी अस्वस्थ झाला की फिजिक्सकडे वळतो. मी एका जुन्या पे-इन-स्लिपच्या मागे हिशेब मांडला. गाडी बॅटऱ्यांसकट ८० किलो. पिशवी ५ किलो. सौभाग्यवती ५६. मी ७८, निदान आमच्या न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर तरी. तिथे आकडा नेहमी मनासारखा येतो. काट्याच्या कडेला शून्य जुळवायची एक दातेरी चकती असते. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं त्या आठवड्यात ती चकती मी अंमळ मागे फिरवली होती, ही गोष्ट मी विसरूनही गेलो होतो. शंभर मीटरला आठ मीटर चढ धरला. २५० वॅटच्या ताकदीत एवढं ओझं ताशी पाच किलोमीटरने वर जातं, असं उत्तर आलं. म्हणजे माणूस चालतो तो वेग. कोळीणमावशीचा वेग साडेपाच धरायला हरकत नाही. निसर्गाचे नियम बिनचूक चालले होते आणि आम्ही त्यांचे बळी होतो.

हा कागद मी माझ्या भाच्याला दाखवला. भाचा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरातल्या कुठल्याही चालत्या वस्तूकडे तो, ही अजून उघडली कशी नाही, अशा नजरेने बघतो. त्याने कागद बाजूला सारला.

“मामा, २५० वॅट हा अर्ध्या तासाचा आकडा. तेवढी ताकद मोटर सलग अर्धा तास देऊ शकते. थोडा वेळ जास्तही देते. तुमच्या बॅटऱ्या ४८ व्होल्टच्या, कंट्रोलर १५ अँपिअरवर अडवतो. गुणा बघू.”

“सातशेवीस.”

“वॅट. पण चढावर मोटर हळू फिरते, तेव्हा त्यातलं बरंचसं नुसतं उष्णतेत जातं. मोटर बिचारी ओढायला तयार आहे. कंट्रोलर देत नाही.”

कंट्रोलर देत नाही! हे वाक्य मला एकदम ओळखीचं वाटलं. बावीस वर्षांच्या नोकरीत रजा, बदली, बढती या तिन्ही बाबतींत मी ते ऐकलेलं आहे.

त्या शनिवारी सौभाग्यवती हळदीकुंकवाला गेल्याची संधी साधून आम्ही गाडीच्या सीटखालची ती अॅल्युमिनियमची डबी काढली आणि जेवणाच्या टेबलावर उघडली. आत हिरवा बोर्ड. एका कडेला भिंतीला पाठ लावून उभे असलेले सहा काळे चौकोनी पुर्जे, रेशनच्या रांगेसारखे. हे मॉसफेट. बॅटरीचा करंट मोटरच्या पिवळ्या, हिरव्या आणि निळ्या तारांत आळीपाळीने सोडायचा, हे त्यांचं काम. कोणाची पाळी कधी, हे त्यांना मोटरमधले तीन हॉल सांगतात.

“तीन हॉल?” मी म्हटलं. “अरे, मला एका हॉलचा ब्लॉक घ्यायला वीस वर्षांचं कर्ज काढावं लागलं!”

“मामा, हॉल माणसाचं नाव आहे. एडविन हॉल. अमेरिकेत १८७९ साली विद्यार्थी असताना त्याने सोन्याच्या पातळ वर्खातून करंट सोडला, तो वर्ख चुंबकापुढे धरला आणि वर्खाच्या कडांमध्ये बारीकसा व्होल्टेज मिळतो हे दाखवलं. त्यावरून चुंबक कुठे आहे ते कळतं. चाकातली चुंबकं फिरताना हे तीन सेन्सर ओळखतात आणि कंट्रोलरला कळवतात.”

विद्यार्थ्याच्या हाती सोन्याचा वर्ख दिला तर आमच्याकडे तो मिठाईवर गेला असता. असो.

मग त्याने स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने एक वस्तू दाखवली. बोर्डातून कमानीसारखी वर येऊन पुन्हा बोर्डात शिरलेली, आगपेटीच्या काडीएवढी एक तार. “हा शंट.”

शंटिंग म्हटलं की मला रत्नागिरी स्टेशनात मागेपुढे होणारे मालगाडीचे डबे आठवतात. हा शंट मात्र जागचा हलत नव्हता. बॅटरीचा सगळा करंट परतताना या तारेतून जातो. तारेला रोध असतो अगदी थोडा, समजा एक हजार भागांत वाटलेल्या ओहमचे चार भाग. पंधरा अँपिअर गेले की तिच्या दोन टोकांत साठ मिलिव्होल्टचा फरक पडतो. बोर्डावरची चिप तो फरक वाचत बसलेली असते. साठ दिसले की म्हणते, झाले पंधरा, आता बंद. ही तार तांबं आणि निकेल यांच्या कॉन्स्टंटन नावाच्या मिश्रधातूची असते. कारण ती तापली तरी तिचा रोध फारसा बदलत नाही. कोणी कितीही तापवला तरी ज्याचा विरोध तेवढाच राहतो, असा अधिकारी मी आयुष्यात एकच पाहिला आणि त्याची बदली झाली.

“म्हणजे हा गाडीचा ऑडिटर,” मी म्हटलं.

“करेक्ट. आता याच्या अंगावर थोडं सोल्डर चढवायचं. तार जाड झाली की रोध निम्मा. मग तीस अँपिअर गेले तरी साठच मिलिव्होल्ट दिसणार. चिप समजणार पंधराच चाललेत.”

मी गप्प झालो. बावीस वर्षांत माझ्या कॅशमध्ये पैचा फरक आलेला नाही. एकदा दहा रुपये जास्त भरले तेव्हा रात्री साडेनऊपर्यंत बसून मी ते शोधून काढले होते. त्या माणसाच्या जेवणाच्या टेबलावर, त्याच्या डोळ्यांदेखत, ऑडिटरला चारून खोटा ताळेबंद तयार होत होता. तीस जायचे आणि वहीत पंधरा लिहायचे! याला आमच्याकडे एक स्वच्छ मराठी शब्द आहे आणि त्याच्यापुढे निलंबन हा दुसरा शब्द येतो.

पण डोळ्यांपुढे तो डावा गुडघा आला. मी म्हटलं, “कर.”

भाच्याने आणखी एक प्रस्ताव मांडला. वेग पंचवीसवर अडवणारी एक पांढरी तार होती, ती सोडवली की गाडी चाळिसाला जाईल. त्याला मात्र मी बाणेदार नकार दिला. टिळकांच्या जन्मगावात राहतो आपण, काही तत्त्वं नकोत? टिळकांनी शेंगा खाल्ल्या नव्हत्या आणि टरफलंही उचलली नाहीत. मी शेंगा खाल्ल्या, फक्त चण्यांना नको म्हटलं.

सौभाग्यवतीला सांगितलं, गाडीचं सर्व्हिसिंग केलं.

पुढचा रविवार मी विसरणार नाही. झरी विनायकाला नेहमीपेक्षा जरा जास्त वाकून नमस्कार केला आणि मूठ पिळली. सवयीने ती उतरायच्या बेतात होती. मी म्हटलं, “बसून राहा.” गाडी ‘हूं’ म्हणाली आणि जी निघाली ती ‘हूं’वरच राहिली. सुरू मागे पडले, समुद्र खाली गेला, आणि वाटेत तीच कोळीणमावशी! मी हॉर्न दिला. गरज नव्हती, पण दिला. वर पोचल्यावर सौभाग्यवती माझ्या पाठीवर हलकेच थाप मारून म्हणाली, “सुधारली हो गाडी!” लग्नाला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माझ्या कर्तबगारीने तिचा चेहरा असा फुललेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी गोळपला मी सासूबाईंच्या विहिरीवरून चार बादल्या पाणीही आणून दिलं.

असे चार रविवार गेले. तरी हिशेबनिसाच्या नजरेला काही नोंदी खटकत होत्या. पूर्वी गोळपला जाऊन आल्यावर बॅटरीचे दोन दांडे शिल्लक असायचे. आता घरी पोचेपर्यंत शेवटचा दांडा लुकलुकायचा. सीटखालून गरम वास यायचा, इस्त्री विसरल्यासारखा. भाच्याला विचारलं. तो म्हणाला, “मामा, करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता दुप्पट नाही होत, चौपट होते. वर्गाचा नियम.” कर्ज दामदुप्पट आणि व्याज चौपट! अशा अटींवर आमच्या बँकेने कोणाला कर्ज दिलं असतं तर मोर्चा आला असता. मी मात्र सही करून घेतलं होतं. तरी मी स्वतःला समजावलं, शंट पंधराच सांगतोय ना, मग पंधराच असतील. लाच देणारा माणूस हळूहळू स्वतःच त्या ऑडिटरचा अहवाल खरा मानायला लागतो, हा शोध हॉलच्या शोधाएवढा मोठा नसेल, पण माझा आहे.

पाचव्या रविवारी सासूबाईंसाठी पंधरा किलो तांदूळ होते. चढ अर्धा झाला. मागून एसटी येत होती. आणि अचानक सीटखाली ‘टप्’ असा आवाज झाला, फुटाणा फुटावा तसा. मागचं चाक कोणी हाताने धरावं तशी गाडी जागच्या जागी आडली. सौभाग्यवती माझ्या पाठीवर आदळली, तांदळाची पिशवी पायातून घसरून रस्त्यावर आडवी झाली, आणि एसटीने मारलेल्या करकचून ब्रेकचा आवाज माझ्या दोन्ही कानांत एकाच वेळी शिरला. बस थांबली तेव्हा तिच्या लाल नाकात आणि आमच्या मागच्या नंबर नसलेल्या पाटीत एक हात अंतर होतं. ड्रायव्हरने खिडकीतून मान काढली. तो शिव्या देईल असं वाटलं. त्याने दिल्या नाहीत. फक्त पांढऱ्या चेहऱ्याने म्हणाला, “वहिनींना लागलं नाय ना?”

लागलं नव्हतं. पण ती थरथरत होती आणि मी तिच्याकडे पाहू शकत नव्हतो.

गाडी बाजूला घ्यावी म्हटलं तर चाक फिरेना. किल्ली बंद केली तरी फिरेना. ढकललं तर पाऊलभर जाई आणि पुन्हा घट्ट. एसटीतले दोघेतिघे उतरले आणि त्यांनी मागून उचलून ती कडेला नेली, आजारी म्हशीसारखी. भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मामा, मॉसफेट उडाले. उडताना ते शॉर्ट झालेत, म्हणून मोटरच्या तारा आतून एकमेकींना जोडल्या गेल्या. अशा वेळी चाक फिरवलं की मोटरच जनित्र होते आणि स्वतःलाच ब्रेक लावते. पिवळी, हिरवी, निळी, तिन्ही तारा कंट्रोलरपासून सोडवा, टोकं एकमेकांना लागू देऊ नका. चाक मोकळं होईल.”

तारा सोडवल्या. चाक लगेच गरगर फिरलं. तेवढ्यात भाचा फोनवर पुढे म्हणाला, “आणि मामा, मामीला शंटचं कळलं का हो?”

फोन स्पीकरवर होता.

त्या चढावर, तांदूळ वेचता वेचता, मी शंटची सगळी हकीकत सांगितली. ऑडिटरची उपमा काढून टाकून सांगितली. ती ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, “म्हणजे चार रविवार तुम्ही मला खोट्या आकड्यावर बसवून आणलंत.” मग थोड्या वेळाने, “बस थांबली नसती तर आईला कोणी सांगितलं असतं?”

याला उत्तर नव्हतं. तांदूळ मात्र सगळे वेचले.

रात्री भाच्याने जळका बोर्ड पुढे ठेवून शवविच्छेदन केलं. सहांपैकी दोन मॉसफेट फुटले होते. त्याचाही चेहरा उतरलेला होता. म्हणाला, “माझं चुकलं, मामा. मी बॅटरीचा करंट मोजला, मोटरचा नाही. चाक हळू फिरतं तेव्हा कंट्रोलर जास्त व्होल्टचा थोडा करंट घेतो आणि कमी व्होल्टचा पुष्कळ करंट मोटरला देतो.”

“म्हणजे शंभराची नोट घेऊन दहाच्या दहा देतो.”

“अगदी बरोबर! रक्कम तीच, नोटा दहापट. शंट बसलाय शंभराच्या नोटांच्या बाजूला. दहाच्या नोटा मोजून हात भरून येतात ते या मॉसफेटांचे. बॅटरीचे तीस म्हणजे मोटरच्या तारांत दुप्पट-तिप्पट असणार. महागड्या कंट्रोलरमध्ये मोटरच्या तारांवरही करंट सेन्सर असतात. तेही हॉलचेच. तारेला हात न लावता तिच्या भोवतीच्या चुंबकत्वावरून आत किती करंट आहे ते ओळखतात.”

शेजारच्या काकू आमच्या घरात न येता आज काय शिजतंय ते ओळखतात, त्यातलाच हा प्रकार.

मग मी नियमांचं पुस्तक काढलं. हे मी आधी करायला हवं होतं, पण माणूस नियम वाचतो तो मोडल्यावरच. केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १९८९ साली झालेल्या, आमच्या गाडीला जी सूट आहे ती वेगाला जशी आहे तशी ताकदीलाही आहे. ताकद वाढवली की सूट संपली. म्हणजे माझी निरुपद्रवी खेळणी पहिल्याच रविवारी कायद्याच्या दृष्टीने मोटारगाडी झाली होती, तीही नोंदणी नसलेली, विमा नसलेली. शिवाय १९८८च्या कायद्याचं ५२वं कलम गाडीत असे परस्पर बदल करायला मनाई करतं. २०२२ साली परिवहन खात्याने राज्यभर अशा वाढवलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम काढली होती, तेव्हा पेपरमधली बातमी मी बँकेत सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली होती. “काय एकेक लोक असतात!” असंही वर म्हटलं होतं.

नवा कंट्रोलर आणला. बॅटऱ्यांचंही आयुष्य थोडं गेलंच असणार. सौभाग्यवतीने नवा कंट्रोलर स्वतः हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिला आणि भाच्याला बजावलं, “हा उघडलास तर याद राख.”

आता पुन्हा तोच चढ, तोच प्रश्न. रविवारच्या आदल्या रात्री मी ती जुनी पे-इन-स्लिप घेऊन बसलो. सौभाग्यवती चष्मा लावून शेजारी येऊन बसली. तिने आकडे पाहिले. गाडी ८०, पिशवी ५, ती ५६, मी ७८.

“हे ७८ चुकलंय,” ती म्हणाली.

“का?”

“काट्याची चकती मी मागेच शून्यावर आणली. काल तुम्ही न्हाणीघरातून बाहेर आलात तेव्हा काटा पायाखाली न बघता सरकवलात. तुम्ही ८४ आहात.”

मी ओशाळून खोडून ८४ लिहिलं. घरात दुसरा शंट होता आणि त्यालाही मीच फितवलं होतं, हे तिला कधीपासून ठाऊक होतं कोण जाणे.

“आता मला सांगा,” ती शांतपणे पुढे म्हणाली, “दोघांत वजन कोणाचं जास्त?”

“माझं.”

“मग चढावर मी का उतरते?”

मी बी.कॉम. आहे. मला वाटतं, ही गोष्ट मी आधी कुठेतरी सांगितली आहे. बावीस वर्षं बेरजा-वजाबाक्या करतो आहे. मी ताकदीचा हिशेब केला, करंटचा केला, उष्णतेचा केला. ओझ्यातून कोणतं कमी करायचं, ही पहिली-दुसरीतली वजाबाकी काही केली नाही. गाडी पुरुषाने चालवायची आणि चढ आला की बायकोने उतरायचं, ही रक्कम मी मागील पानावरून पुढे ओढत आणली होती, न तपासता. कागदावर मांडून पाहिलं. मी आणि गाडी, ताशी पावणेसात किलोमीटर. ती आणि गाडी, आठ.

आता रविवारी झरी विनायकापाशी आम्ही थांबतो. नमस्कार होतो. मी उतरतो, ती पुढे सरकते, साडी आवरते आणि मूठ पिळते. कॉलेजात असताना ती मोपेड चालवायची, हे लग्नाच्या वेळी सांगितलं होतं म्हणे, माझंच लक्ष नव्हतं. गाडी ‘हूं’ म्हणून निघते आणि वळणावर दिसेनाशी होते. मी मागून चालत राहतो. सुरुवातीला तीनदा थांबावं लागे, आता एकदाच लागतं. काट्यावर आकडा ८१ आला आहे, आणि चकतीवर तिने नेलपॉलिशचं सील मारलं आहे.

परवा अर्ध्या चढावर मागून ओळखीची पावलं आली. कोळीणमावशी माझ्या बरोबरीला आली, वर बघितलं, गाडीवर बसून वाट पाहणारी बाई तिला दिसली. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

“आता बरी चढते गाडी,” ती म्हणाली आणि पुढे निघून गेली.